घोंगडीवर कुणाचं नाव असतं? म्हसवडच्या जत्रेपासून शहरातल्या महोत्सवापर्यंत

थंडी पडली की आपल्याकडं महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. सातारा, सांगली, कराड, मिरज, कुठं ना कुठं मंडप पडलेलाच असतो. बचत गटांचे स्टॉल असतात. एका कोपऱ्यात कुंभाराचं चाक फिरत असतं, दुसरीकडं घोंगड्यांची थप्पी, केरसुण्या, सुपं. संध्याकाळी स्टेजवर गजीनृत्य नाहीतर हलगीचा कडकडाट. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं तर हा सगळा बाजार उचलून थेट मुंबईला नेला. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात माणदेशी महोत्सव भरला आणि मुंबईकरांनी रांगा लावून बाजरीची भाकरी खाल्ली. साताऱ्यातही हा महोत्सव भरतो, आणि आपल्यातले बरेच जण सहकुटुंब जाऊन येतात.

मजा येते, यात वाद नाही. पण पुढच्या वेळी गेलात तर घोंगडीच्या स्टॉलपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि कान द्या. एकच बोलणं पुन्हा पुन्हा कानावर येतं. "मावशी, केवढ्याला?" मावशी आकडा सांगतात. "बापरे! ऑनलाइन ब्लँकेट याच्या निम्म्यात मिळतंय की." मग थोडी घासाघीस, एक सेल्फी, आणि माणूस पुढं भेळेच्या स्टॉलकडं.

आपल्याला हे नेहमीचंच वाटतं. पण बनवणाऱ्या बाईनं आपल्या मालाचा भाव स्वतःच्या तोंडानं सांगावा, ही गोष्ट आपल्या मुलखात किती नवी आहे, हे आपण विसरलोय. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, सवडीनं वाचा.

*गावगाड्यात भाव नव्हता, वाटा होता*

थोडं मागं जाऊ. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट म्हणून जेम्स ग्रँट डफ येऊन बसला. त्यानं इथल्याच दप्तरांच्या आणि कागदपत्रांच्या आधारानं मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ ला छापून आला. राजे-सरदारांच्या त्या इतिहासात त्यानं गावाची रचनाही सांगितली आहे, आणि त्यात बारा बलुतेदार आणि अलुतेदार आहेत. पुढं १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक आलं. त्यात तर या व्यवस्थेचा खिळा न खिळा उघडून दाखवलाय.

व्यवस्था अशी होती. सुतारानं औताची कामं करायची, लोहारानं फाळ शेवटायचा, चांभारानं मोट आणि पायताण शिवायचं, कुंभारानं मडकी द्यायची, मांगानं दोर-कासरे वळायचे. वर्षभर मागेल त्याला काम करून द्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. हे बलुतं. त्यात प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत नव्हती. मडक्याचे किती, मोटेचे किती, हा प्रश्नच येत नव्हता. वाटा किती, ते गावाची रीत ठरवायची. पीक बुडालं की वाटाही बुडायचा.

या व्यवस्थेबद्दल आपल्याकडं दोन टोकांचं बोललं जातं. एक गट म्हणतो, किती सुंदर होतं, सगळे एकमेकांवर अवलंबून, कुणी उपाशी नाही. दुसरा म्हणतो, नुसती पिळवणूक. खळ्यावर हात पसरून उभं राहणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. त्याला काम नाकारायची सोय नव्हती. कुंभाराच्या पोरानं कुंभारच व्हायचं. आणि गावकुसाबाहेरच्या माणसांची कामं तर सरळसरळ सक्तीची होती. दवंडी, निरोप, मेलेली जनावरं ओढणं, वरातीपुढं वाजवणं. आज ज्याला आपण स्टेजवर 'लोककला' म्हणून टाळ्या देतो, त्यातलं बरंचसं वाजवणं हे कधीकाळी गावकीचं काम होतं. वाजवलं म्हणून वेगळी बिदागी मिळेलच असं नव्हतं, पण वाजवायला नकार दिला तर गाव सोडत नव्हतं.

केरसुणीचं उदाहरण घ्या. शिंदीच्या पानांची केरसुणी माणदेशात प्रामुख्यानं मातंग समाजातल्या बायका बांधत आल्या. दिवाळीत आपण त्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो. आणि ती बांधणाऱ्या बाईला वर्षभर उंबऱ्याच्या बाहेर उभं करत होतो. प्रदर्शनात केरसुणी कलात्मक दिसते म्हणून घेताना एवढं ध्यानात असावं.

हा विषय साताऱ्याला तरी नवा नको. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यावरच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी नावाच्या मुलाची नोंद झाली. त्याच मुलानं पुढं १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सक्तीविरुद्ध विधेयक मांडलं. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. वतन म्हणून गावाची वेठ करायची, आणि बदल्यात मूठभर धान्य, हे माणसाला बांधून ठेवणं आहे. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणापर्यंत हे चालू होतं. फार जुनी गोष्ट नाही.

म्हणून 'आपली परंपरा जपू या' असं मंचावरून कुणी बोललं की मला विचारावंसं वाटतं, नक्की काय जपायचं? हात जपायचा, की हाताला बांधलेली दोरी?

*जत्रा हीच बाजारपेठ*

सगळे कारागीर बलुत्यावर नव्हते. घोंगडी विणणारे सनगर, भांडी घडवणारे तांबट, विकणारे कासार, पाटे-वरवंटे घडवणारे, यांचा माल रोख नाहीतर धान्याच्या बदल्यात विकला जायचा. त्यांचं दुकान म्हणजे आठवडा बाजार आणि जत्रा.

आपल्या दोन जिल्ह्यांचा पूर्व भाग डोळ्यापुढं आणा. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. सह्याद्रीनं पाऊस अडवून धरल्यामुळं कायमचा कोरडा मुलूख. शेतीचा भरवसा नाही म्हणून मेंढरं. मेंढरं म्हणजे आठ महिने वाटेवर. आणि वाटेवरच्या माणसाचं घर म्हणजे घोंगडी. अंथरायला तीच, पांघरायला तीच, पावसात खोळ करून डोक्यावर तीच. कोकरू जन्मलं तर गुंडाळायलाही तीच.

या मुलखातल्या जत्रा बघा. म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा, मार्गशीर्ष प्रतिपदेला. खरसुंडीला सिद्धनाथ. आरेवाडीला बिरोबा. पालला खंडोबा. पुसेगावला सेवागिरी. देव वेगवेगळे, पण कामकाज सारखंच होतं. खिल्लार जनावरांचा बाजार, आणि त्याच्या कडेनं वर्षभराची खरेदी. दावी, कासरे, घुंगरमाळा, सुपं, घोंगड्या. जत्रेत नवस फिटायचा, सोयरीक जुळायची, मेंढपाळ आणि विणकर यांचा हिशोब मिटायचा. रात्री ढोल-कैताळावर गजी रंगायची, ओव्या चालायच्या. खेळणारेही तेच आणि बघणारेही तेच. तिकीट नव्हतं आणि सूत्रसंचालकही नव्हता.

गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक होते. १९९२ ला वारले. त्यांनी या धनगरांच्या मागं मागं वर्षानुवर्षं फिरून ओव्या गोळा केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, तो १९७६ ला आला. आपल्या वाडीवस्तीवरच्या ओव्यांचं मोल ओळखायला माणूस जर्मनीहून आला. आपण मात्र मेंढरं रस्त्यात आडवी आली की हॉर्न वाजवतो.

*एक घोंगडी म्हणजे किती काम*

आता भावाकडं येऊ. घोंगडी कशी होते हे बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. लोकर निवडायची, काळी वेगळी, पांढरी वेगळी. घोंगडीचा तो काळा रंग बहुतेक वेळा रंगवलेला नसतो, मेंढराचाच असतो. मग लोकर पिंजायची. मग सूत कातायचं, आणि हे काम बहुतेक करून घरातल्या बायकांचं. मग ताणा लावायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. मग खड्डामाग. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि हातानं धोटा फेकायचा. घोंगडीला विजेचा माग चालत नाही, कारण दख्खनी मेंढराची लोकर जाड आणि आखूड. जेन आणखी वेगळी. ती विणतच नाहीत. लोकर पसरून, ओली करून, दाबून आणि लाटून तिचा थर बसवतात.

साधा हिशोब करू. समजा, एका घोंगडीमागं घरातल्या सगळ्यांचे मिळून आठ दिवस गेले. २०२५-२६ ला रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ दिवसांचे झाले २,४९६ रुपये. लोकर, खळ, गाडीभाडं, स्टॉलवर काढलेले दिवस यात धरलेच नाहीत. म्हणजे मावशींनी अडीच हजार सांगितले तर त्या कलेची किंमत मागत नाहीत. खडी फोडायला सरकार जी मजुरी देतं तेवढीच मागतायत.

आणि ही रोजगार हमी कुठं जन्मली? आपल्याच तासगाव तालुक्यात. वि. स. पागे यांनी विसापूरला प्रयोग केला आणि पुढं तो राज्याचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला ठरलेला दाम मिळालाच पाहिजे, हा विचार ज्या मातीनं देशाला दिला, त्याच मातीतल्या विणकराला दाम विचारताना आपण निम्म्यापासून सुरुवात करतो.

*लोकर का पडली*

आता कुणी म्हणेल, लोकांना नकोच असेल तर काय करणार? पण घोंगडी लोकांना 'नकोशी' झाली त्यालाही कारणं आहेत.

पहिलं कारण बाजारातलं. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या जगभरातून येतात. त्या फाडून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं बनतात. यंत्रावर बनतात, त्यामुळं स्वस्त पडतात. थंडीत रस्त्याकडेला ढीग लावून विकतात त्यातली बरीच तिथली. त्या भावाशी हातमागाची शर्यत लागूच शकत नाही.

दुसरं कारण मेंढरात आहे. आता मेंढरू लोकरीसाठी पाळत नाहीत, मटणासाठी पाळतात. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी घ्या. उंच, लांब, पोपटासारखं बाकदार नाक, वजन भरपूर, लोकर कमी. आटपाडीच्या बाजारात अशा बकऱ्यांची बोली लाखांत गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मेंढपाळाचं काही चुकत नाही. ज्याला भाव ते तो पाळणार. पण त्यामुळं विणकराला लोकर मिळेना, आणि दख्खनी मेंढराची लोकर मात्र घेणारा नाही म्हणून कातरून बांधावर टाकतात. एकीकडं लोकर फेकली जाते, दुसरीकडं माग बंद पडतो. दोघांच्यामधला दुवाच तुटलाय.

*मिरजेत काय वेगळं झालं*

म्हणजे सगळे हस्तव्यवसाय मरणारच का? तर नाही. माणदेशातून मिरजेला जाऊ या. तिथली गोष्ट वेगळी आहे आणि शिकण्यासारखी आहे.

मिरजेत शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे. इंग्रजी राज्य आलं आणि लढाया थांबल्या. शस्त्राला गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातले लोक तंतुवाद्यांकडं वळले. लोखंड हाताळणारा हात भोपळा आणि लाकूड हाताळू लागला. मंगळवेढा-पंढरपूर भागातले मोठे भोपळे, आणि त्यावर सतारी, तंबोरे. पटवर्धन संस्थानिक संगीताचे शौकीन, त्यांचा आश्रय मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांच्याकडं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच होऊन गेले. अशी गिऱ्हाइकं दारात.

संस्थानं गेली तरी मिरजेचा तंबोरा गेला नाही. का? मला दोन कारणं दिसतात. एक, गिऱ्हाईक जाणकार होतं. जवारी नीट लागलीय का नाही हे गवयाला कळतं, त्यामुळं तो 'ऑनलाइन निम्म्यात मिळतंय' म्हणत नाही. दुसरं, वाद्यावर करणाऱ्याचं नाव राहिलं. अमक्या कारागिराचा तंबोरा, असं म्हणून लोक मिरजेला येतात. लोकांनी आडनावच 'सतारमेकर' करून टाकलं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेही या नावाचंच पुढचं पाऊल.

घोंगडीचं गिऱ्हाईक मेंढपाळ होतं तोवर तेही जाणकारच होतं. धागा बोटात धरून सांगायचं, कुठल्या गावची आहे. ते गिऱ्हाईक पांगलं. नव्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही, आणि घोंगडीवर कुणाचं नावही नाही. मग उरतो फक्त भाव, आणि भावात पानिपत जिंकतं.

*नाव काढून घेतलं की काय होतं*

नावाचं महत्त्व २०२५ च्या जून महिन्यात सगळ्या देशाला कळलं. इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. आरडाओरडा झाल्यावर कंपनीला मान्य करावं लागलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरांची.

त्या वेळी आपल्याकडचे बरेच जण कोल्हापूरकरांच्या बाजूनं भांडले. पण २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. शिवाय कर्नाटकातले चार. म्हणजे भांडण आपल्याच घरचं होतं. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती चर्मकार बांधवांना हे माहीत आहे? किती जणांना त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेता आली? मानांकनाचा कागद अर्ज करणाऱ्या संस्थेला मिळतो. पण नोंद कारागिराच्या नावानं व्हावी लागते, तरच त्याचा उपयोग.

आणि नुसतं नाव असूनही भागत नाही, हेही आपल्याच मातीनं दाखवलंय. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णा कुलकर्णी, १८६६ चा जन्म. घरदार, जात, वतन सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. शाहीर लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफतो, त्यामुळं त्यांचं नाव घराघरांत पोचलं. पण शेवटचे दिवस गरिबीत गेले. नाव राहिलं, दाम राहिला नाही. आणि ज्यांच्या ढोलकीवर, हलगीवर त्या लावण्या उभ्या राहिल्या, त्यांचं तर नावही राहिलं नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. त्यात तमाशाचा बाज घेऊन त्यांनी कष्टकऱ्याला बोलतं केलं. त्यांचंही बरंचसं आयुष्य चिरागनगरच्या झोपडीतच गेलं.

*प्रदर्शनं पूर्वीही होती*

प्रदर्शन ही गोष्टही आजची नाही. १८५१ ला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये जगातलं मोठं प्रदर्शन भरलं. ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानातल्या शाली, कापडं, दागिने तिथं मांडले. साठ लाखांवर तिकिटं गेली. लोकांनी कारागिरीची तोंड भरून स्तुती केली. आणि त्याच काळात मँचेस्टरचं कापड इथल्या मागांना बसवत होतं. कौतुक आणि पोटमारा एकाच वेळी चालू शकतात, याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नसेल.

दुसरं प्रदर्शन आपल्या महाराष्ट्रातलं. डिसेंबर १९३६, खानदेशातलं फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. तिथलं खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींनी स्वतः उघडलं. नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी ते नगर उभं केलं. दोन वर्षं आधी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला होता. त्यामागचा विचार शोभेचा नव्हता. खेड्यात बनलेली वस्तू खेड्यातल्या पोटाला पुरेल अशा दामानं विकली जावी, हा होता.

आजच्या प्रत्येक महोत्सवाला आपण हाच प्रश्न विचारावा. हे लंडन आहे का फैजपूर?

*म्हसवडच्या बाया*

माणदेशी महोत्सवाबद्दल मला आदर आहे तो त्यामागच्या गोष्टीमुळं. १९९७ ला म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका बँक कशी चालवणार? त्या बायका काही महिने साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या की वाचायला उशिरा शिकलो, पण व्याजाचा हिशोब तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय करून दाखवावा. परवाना मिळाला. २०१८ ला चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या.

म्हणून म्हणतो, स्टॉलवरच्या मावशी जेव्हा अडीच हजार सांगतात, तेव्हा त्यामागं खळ्यावर हात पसरण्यापासून ते स्वतःच्या बँकेच्या पासबुकापर्यंतचा प्रवास आहे. भाव त्या स्वतः सांगतायत. पण वर्षातले तेवढे चार-पाच दिवसच. उरलेले तीनशे साठ दिवस भाव पुन्हा व्यापारी ठरवतो.

*मग करायचं काय*

रडगाणं गाऊन थांबण्यात अर्थ नाही. माझ्या डोक्यात काही गोष्टी आहेत. त्या लोकप्रतिनिधींनी, जिल्हा परिषदेनं, यात्रा कमिट्यांनी आणि आपण सगळ्यांनी विचारात घ्याव्यात.

एक. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना आली. १८ व्यवसाय, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं ३ लाखांपर्यंत कर्ज. चांगली योजना आहे. कुंभार, चर्मकार, टोपली-केरसुणीवाले त्यात आहेत, त्यांनी जरूर अर्ज करावा. पण त्या १८ मध्ये घोंगडी विणणारा नाही आणि वाद्यं बनवणाराही नाही. म्हणजे माणदेशाची ओळख आणि मिरजेची ओळख, दोन्ही यादीबाहेर. आपल्या खासदारांनी हे मागायला हरकत काय आहे?

दोन. लोकर गोळा करायचं एखादं केंद्र माण-आटपाडी पट्ट्यात हवं. बांधावर टाकलेली लोकर विणकरापर्यंत पोचायला फार मोठा कारखाना लागत नाही. एक गोदाम, एक पिंजण यंत्र आणि ठरलेला दर एवढं लागतं.

तीन. यात्रा कमिट्यांनी पाळणे आणि प्लास्टिकच्या खेळण्यांना जागा देताना, हातानं माल बनवणाऱ्याला पुढच्या रांगेत बिनभाड्याची जागा द्यावी. म्हसवड, खरसुंडी, पुसेगाव, आरेवाडी. मूळ बाजार तिथलाच आहे.

चार. महोत्सवात वाजवणाऱ्याचं, नाचणाऱ्याचं मानधन आधी लेखी ठरावं आणि त्याच दिवशी खात्यावर पडावं. 'कार्यक्रमाला संधी दिली' हे मानधन होत नाही. वाजवून घ्यायचं आणि जेवणावर बोळवण करायची, तर मग स्टेज बदललं, गावकी तीच राहिली. म्हातारपणी कलावंताला सरकार महिना ५,००० देतं, ते बरंच आहे. पण तरण्या हलगीवाल्याच्या पोराला हे वाजवणं हौसेनं निवडावंसं वाटलं पाहिजे. नको वाटलं तर सोडताही आलं पाहिजे.

पाच, आणि हे आपल्या हातातलं. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी हवी. विणलं कुणी, कातलं कुणी, गाव कुठलं, दिवस किती लागले. मिरजेच्या तंबोऱ्याला जे नावानं मिळालं ते घोंगडीलाही मिळू शकतं. आणि उद्घाटनाच्या बातमीत फीत कापणाऱ्या पाच जणांबरोबर माग चालवणाऱ्या एकाचं तरी नाव छापून यावं. ही अपेक्षा आम्हा पत्रकारांकडूनही ठेवा.

घासाघीस करू नका असं मी म्हणणार नाही, बाजार आहे. परवडत नसेल तर घेऊ नका, त्यात कमीपणा नाही. पण भाव ऐकल्यावर 'महाग' म्हणायच्या आधी 'किती दिवस लागले?' एवढं विचारा. उत्तर ऐकून घ्या, आणि मग काय द्यायचे ते ठरवा.

तुमच्या गावात आजही हातानं काय बनतं, किती घरं उरलीत, ते कमेंटमध्ये लिहा. घोंगडी, जेन, सुपं, घोंगराच्या माळा, वाद्यं, चपला, काहीही. गाव आणि व्यवसाय लिहिला तरी पुरे. सातारा-सांगलीची अशी एक यादी आपणच करू, आणि ती घेऊन जिल्हा परिषदेत जाऊ.